रुखवत घरीच करायचंय: रिबन, आंब्याची पेटी, जुन्या बांगड्या... सुरुवात कुठून करू?

चिवचिवाट:

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे, नाशिकलाच. आईचं म्हणणं, रुखवत सरळ भाड्याने आणू, चार तास मांडायचं आणि परत द्यायचं. मी एकदा ते भाड्याचं रुखवत बघून आले. थर्माकोलवर चमकी मारलेलं तुळशीवृंदावन, प्लास्टिकच्या बाहुल्यांची सप्तपदी, आणि सगळ्यावर आधीच्या लग्नांची धूळ. बहीण म्हणाली, "ताई, यापेक्षा काहीच नको."

तेव्हा ते माझ्या अंगावर आलं आहे. माळा उपसल्यावर निघालेला ऐवज असा: आंब्याच्या दोन लाकडी पेट्या, आजीच्या नि आईच्या बांगड्यांची पिशवी (काचेच्या, थोड्या लाखेच्या), विरलेलं पण काठ धड असलेलं एक इरकल, लोणच्याच्या नि जॅमच्या काचेच्या बरण्या, ढीगभर लग्नपत्रिका आणि भेटवस्तूंवरच्या सोडवून ठेवलेल्या रिबिनी. आईस्क्रीमच्या काड्यांचं एक पाकीटही आहे.

नोकरीमुळे रोज रात्री तासभर मिळतो, रविवार मोकळा. सुतारकाम कधी केलेलं नाही. रिबन कापली की दोरे सुटतात, फेविकॉलने चिकटवली की डाग पडतो. पेटीचं लाकूड कामाचं असतं का? आणि मुळात करू काय काय?

खटपट्या:

अभिनंदन आणि शुभेच्छा! ग्लू गन घ्या, सगळे प्रश्न संपतात. रिबन जुनी वापरू नका, घड्या पडलेल्या जागी ती मोडकी दिसते. मेन रोडला मिळेलच, पुण्याला कुणी येणार असेल तर बोहरी आळीतून अख्खे रोल आणवा, सुट्या मीटरपेक्षा बरेच स्वस्त पडतात. थर्माकोलच्या भानगडीत पडूच नका, २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. भाड्यावाल्यांकडे अजून दिसतो, ते वेगळं.

मिरजेची माई:

चिवचिवाट बाळा, बहिणीचं कौतुक वाटलं. मी आमच्या गल्लीतल्या मुलींची रुखवतं करत आले आहे, तेव्हा जरा लांबण लावते, वाच सावकाश.

पहिलं म्हणजे यादी करताना एकच प्रश्न विचार: ही वस्तू लग्नानंतर तिच्या घरात कुठे राहणार? उत्तर "शोकेसमध्ये" आलं की खोडून टाक. काडेपेटीच्या काड्यांचा बंगला, कापसाचा ससा, सुपारीचं नवराबायकोचं जोडपं ही सगळी माळ्यावर जातात आणि मग झुरळं त्यांत संसार थाटतात. पूर्वी रुखवतात लाडू, चिरोटे, अनारसे, भांडीकुंडी असायची, म्हणजे खायचं नि वापरायचं. शोभेचं प्रस्थ नंतर वाढलं. तुझ्याकडच्या सामानातून मी चारच गोष्टी करीन: पेटीच्या फळ्यांचा ट्रे, बांगड्यांचं तोरण, बरण्या, आणि पत्रिकांची आहेराची पाकिटं. बास. आईस्क्रीमच्या काड्या कुणा पोराला शाळेच्या प्रकल्पाला देऊन टाक.

आता लाकूड. पेटीचं लाकूड हलकं नि मऊ असतं, ट्रेला उत्तम. फक्त खिळे उपटायला पक्कड घेऊन बसू नकोस, फळी चिरते. पेटी उलटी धर आणि आतल्या बाजूने, खिळ्याच्या अगदी जवळ, लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर हातोडी मार. फळी खिळ्यासकट अलगद सुटते. मग टोकाकडून ठोकून खिळा मागे काढायचा. फळ्या दोन-तीन दिवस उन्हात टाक, पण मधूनमधून उलट, नाहीतर पापडासारख्या वाकतात.

घासायला पॉलिश पेपर आण, ८० नंबर, मग १५०, शेवटी २२०. एकदम २२० घेतलास तर दिवसभर घासशील आणि कुसं तिथेच राहतील. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने घासायचं. आडवं घासलं की ओरखडे पडतात, आणि रंग लावल्यावर ते जास्तच उठून दिसतात. घासताना पडलेला भुसा झाडून फेकू नकोस. वाटीत घेऊन फेविकॉलमध्ये घट्ट कालव आणि खिळ्यांच्या भोकांत भर. वाळल्यावर पुन्हा घास, भोक कुठे होतं ते सांगता येणार नाही. जोड मात्र रात्रभर दाबून ठेवायचे. आमच्याकडे पाटा-वरवंटा ठेवतात, तू पुस्तकांचा गठ्ठा ठेव.

माझे सासरे सुतार. सतारमेकर गल्लीत तंबोरे करणाऱ्यांकडून तुनाच्या लाकडाचे तुकडे उरले की ते घेऊन यायचे आणि त्याचे ठसे, पोळपाटाचे पाय, काय वाट्टेल ते करायचे. त्यांचा एक दंडक होता, लाकूड झाकू नये, उजळावं. म्हणून ट्रेला ऑइलपेंट फासू नकोस. गेरू आण, फेविकॉलच्या पातळ पाण्यात कालव आणि दोन हात दे, म्हणजे हाताला लागत नाही. वाळल्यावर पांढऱ्या रंगाने कडेला वारली नाहीतर साधी ठिपक्यांची ओळ. वर पारदर्शक वॉर्निशचा एक हात, नाहीतर पहिल्या चहाच्या कपाचं चक्र कायमचं उमटेल. गेरू नको असेल आणि लाकडाचा मूळ रंग ठेवायचा असेल तर जवसाचं तेल चोळ, पण एक लक्षात ठेव: त्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. वाळताना ते आतून तापतं आणि आपोआप पेटू शकतं. अंगणात पसरून वाळवायचं आणि मग फेकायचं.

ट्रेच्या खाली चार कोपऱ्यांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे लाव. कुणाला दिसत नाहीत, आणि ट्रे घसरत नाही.

रिबन. खटपट्या म्हणतात ते रोलचं खरं, पण ग्लू गनने सगळे प्रश्न संपत नाहीत, नवे सुरू होतात. साटीनवर गरम गोंदाचा फुगा उमटतो, आणि उन्हाच्या दारावर तोरण लटकलं की वैशाखात तोच गोंद मऊ पडून फुलं खाली येतात. लाखेच्या बांगड्यांना तर तो लावूच नये, लाखच मऊ पडते. सुई-दोरा घे बाळा. फेविकॉल साटीनमधून आरपार झिरपतो, म्हणून तुला डाग दिसतोय. तो लाकडाला नि कागदाला.

दोरे सुटण्याचं औषध मेणबत्ती. बहुतेक साटीन रिबन पॉलिस्टरची असते. टोक ज्योतीत घालायचं नाही, ज्योतीच्या बुडाशी जो निळसर भाग असतो त्याच्या शेजारून चटकन फिरवायचं. कड वितळून बंद होते. वरच्या पिवळ्या ज्योतीत धरलीस तर काजळी धरते आणि पांढरी रिबन वाया जाते. एखादी रिबन वितळण्याऐवजी जळून राख झाली तर ती सुती किंवा रेशमी, तिची कड दुमडून शिव.

गुलाब सांगते, कारण रुखवतात बायका आधी त्याच्याशी येऊन थांबतात. एक इंच रुंदीची, दोन्ही बाजूंनी चकाकणारी रिबन पाऊण मीटर घे. एकाच बाजूने चकाकणारी चालत नाही, घडीगणिक मागची निस्तेज बाजू वर येते. मधोमध काटकोनात दुमड, एक शेपूट आडवं, एक उभं. आता आडवं उभ्यावर, उभं आडव्यावर, असं दुमडत जा. पंचवीसेक घड्यांचा चौकोनी मनोरा होईल. शेवटची दोन्ही टोकं एकत्र चिमटीत धर आणि मनोरा सोड. तो स्प्रिंगसारखा उघडेल, घाबरू नकोस. चिमूट न सोडता दोनांतलं एक टोक हलकेच खाली ओढ. घड्या एकमेकींत शिरत मध्यभागी वळत जातात आणि तुझ्या डोळ्यांदेखत गुलाब होतो. पाकळ्या मनासारख्या दिसल्या की तिथेच थांब. आणखी ओढलंस तर सगळं आतून निसटून पुन्हा पट्टी हातात येते. लगेच बुडाशी चार टाके घाल, मग टोकं काप.

तोरणाला सारख्या मापाच्या बांगड्या वेगळ्या काढ. सहसा सव्वादोन, दोन-सहा, दोन-आठ अशी मिसळ असते. दोन-सहाच्या घेतल्यास तीन फुटी दाराला एका ओळीत तेरा-चौदा लागतील. बारीक काचेची बांगडी पाव इंची रिबनने तिरकी गुंडाळत गेलं तर अर्ध्या मीटरच्या आसपास रिबन जाते, तेवढ्यावरून हिशोब कर. वरची पट्टी म्हणून इरकलाचा काठ, आतून जुन्या जीन्सची पट्टी शिवून, म्हणजे तोरण मधे झोळ देत नाही. लाखेच्या बांगड्या गुंडाळायच्या नाहीत, त्या आहेत तशाच मधे-मधे लटकव. आजीच्या बांगड्या दारात आल्या हे बहिणीला सांगावंही लागणार नाही.

तिरकस:

माई, सगळं छान, पण मुळात रुखवत हवंच कशाला? मुलीकडच्यांनी मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी नाक मुरडून बघायचं. २१ व्या शतकातही?

मिरजेची माई:

तिरकसराव, नाक मुरडायला येणाऱ्या मीही पुष्कळ पाहिल्या आहेत. मागून घेतलेलं, यादी देऊन वसूल केलेलं रुखवत असेल तर ते लग्नच मोडावं असं माझं स्पष्ट मत आहे. इथे मागितलंय कुणी? आणि हवं तर दोन्ही घरच्यांनी मिळून मांडा. आमच्या गल्लीत एका नवऱ्या मुलाने स्वतः केलेला लाकडी पाट आणून रुखवतात ठेवला होता. कुणी नाक मुरडलं नाही, उलट ज्याने त्याने तो उलटा करून जोड कसे बसवलेत ते बघितलं.

तिरकस:

हे पटलं. मीही आता पेटी फोडायला घेतो :)

चिवचिवाट:

माई, काय सांगू! काल रात्री पहिला गुलाब झाला, आई आता स्वतःच मेणबत्ती घेऊन बसली आहे. आता अडलेलं विचारते. एका पेटीच्या फळ्यांवर खिळ्यांभोवती काळे डाग आहेत, घासून जात नाहीत. दुसरीला बारीक भोकं आहेत, सुईने पाडल्यासारखी. बरण्यांची लेबलं भिजवून काढली पण चिकटा तसाच. आणि लग्नानंतर हे सगळं सोलापूरला न्यायचं आहे.

मिरजेची माई:

काळे डाग लोखंडाच्या गंजाचे. लिंबाची फोड मिठात बुडवून चोळ, तासभर ठेव, पुसून उन्हात वाळव. फिके पडतील, पूर्ण जाणार नाहीत. गेरू लावणार असशील तर काळजीच नको.

भोकांची फळी पांढऱ्या कागदावर आपट. पिठासारखा भुसा पडला तर आत किडा जिवंत आहे. ती पेटी ताबडतोब घराबाहेर काढ, बहिणीच्या नव्या फर्निचरशेजारी असलं लाकूड पाठवायचं नाही. भुसा पडला नाही तरी मी ती वापरणार नाही. एका पेटीत एक मोठा ट्रे आणि एक किल्ल्या अडकवायची पट्टी आरामात होते.

चिकट्याला खोबरेल आणि खायचा सोडा सारखे घेऊन लेप लाव, अर्ध्या तासाने काथ्याने घास, मग साबणाने धू. बरण्यांच्या गळ्याला रिबन बांधशील तर गाठ मार, चिकटवू नकोस. धुवायला सोडता आली पाहिजे. आणि रिकाम्या मांडू नकोस. मेतकूट, डांगर, शेंगदाण्याची चटणी भर. सोलापूरला शेंगदाण्याची चटणी म्हणजे जरा धाडसच, पण नाशिकची म्हणून चालेल.

खटपट्या:

ग्लू गनवाला परत हजर, माईंपुढे शरणागती. नेण्याबद्दल सांगतो. तोरण घडी न घालता साडीच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, साड्यांच्या दुकानात मागितली तर फुकट देतात. बांगड्यांच्या मधे वर्तमानपत्राच्या सुरळ्या घाला. बरण्या ट्रेमध्ये उभ्या, मधल्या फटींत पत्रिकांची पाकिटं कोंबा, आणि वरून त्या विरलेल्या इरकलाच्या उरलेल्या कापडाने गाठोडं बांधा. डिकीत टाकू नका, कुणाच्या तरी मांडीवर द्या. करवलीच्या.