जेडो बोगद्याचं कौतुक करताना लिटल नेस्कोपेक ओढ्याचं काय?

ओढाकाठ
परवा इथे कुणीतरी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या हेझल्टनजवळच्या, कोळसा खाणींतलं पाणी बाहेर काढणाऱ्या जेडो बोगद्याबद्दल लिहिलं होतं: ‘पंप नाही, वीज नाही, तरी सव्वाशे वर्षं अखंड पाणी उपसणारा चमत्कार.’ मला हे कौतुक अर्धवट वाटतं.

1886 साली बिग ब्लॅक क्रीक या ओढ्याचं पाणी एबरवेलच्या अँथ्रासाइट (टणक कोळसा) खाणीत घुसलं आणि खाण बुडाली. तेव्हा जॉन मार्कल या खाणमालकाने 1891 मध्ये डोंगरापलीकडच्या बटलर खोऱ्यात पाणी सोडायचा बोगदा हाती घेतला. उतार असा धरला की पाणी आपणहून वाहावं. पुढे फाटे जोडत काम 1934 पर्यंत चाललं. आज सुमारे 32 चौरस मैलांच्या परिसरातलं पाणी, मिनिटाला सरासरी दीड लाख लिटर, लिटल नेस्कोपेक नावाच्या एवढ्याशा ओढ्यात पडतं. आणि ते पाणी आम्लधर्मी आहे, लोह आणि ॲल्युमिनियम घेऊन येणारं.

मी तिथून दोन तासांवर राहते. बोगद्याच्या तोंडाच्या वरच्या अंगाला ओढ्यातला दगड उलटा केला तर खाली किड्यांची वाळूची घरटी चिकटलेली दिसतात. तोंडाच्या खालच्या अंगाला तसाच दगड उचलला. त्यावर गंजासारखा थर होता, नख लावलं की सुटणारा. बाकी काहीच नाही. मार्कलने पाणी संपवलं नाही, दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलं. माझ्या मते हा अन्याय होता, आणि तो अजून चालू आहे.

वर्धाखोरं
ताई, मनापासून असहमत. माझे वडील चंद्रपूरकडच्या एका भूमिगत खाणीत पंपावर होते. पावसाळ्यात रात्री वीज गेली की ते जेवण तसंच टाकून निघायचे, कारण तासाभरात खालच्या थरात गुडघाभर पाणी व्हायचं. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनाल्यात पाणी फुटलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. 1959 ला याच पेन्सिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदी नॉक्स खाणीत शिरली, 12 जण गेले. खाणीत पाणी म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय तो या बोगद्याला हात जोडेल. 1891 ला ओढ्यातल्या किड्यांचा विचार कोण करणार होतं?

ओढाकाठ
दादा, वडिलांबद्दल वाचून पोटात कालवलं. पण बोगदा मजुरांच्या जिवासाठी खणला असं म्हणू नका. तो बुडालेला कोळसा परत मिळवण्यासाठी होता. त्याच परिसरात लॅटिमरला 10 सप्टेंबर 1897 रोजी शेरीफच्या माणसांनी नि:शस्त्र खाणकामगारांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, 19 जण मेले. ती खाण मार्कलची नव्हती, हे मान्य. पण मजुराच्या जिवाची किंमत तिथे काय होती ते त्यावरून कळतं.

वर्धाखोरं
हेतू पैशाचा होता, कबूल. पण खाणीत खाली उभा राहणारा माणूस वाचलाच ना?

भूजलवाला
दोघांच्या मधला एक मुद्दा राहतोय. कोळशासोबत पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की गंधकाम्ल तयार होतं. खाण पूर्ण पाण्याखाली गेली तर हवा तुटते आणि ही क्रिया मंदावते. जेडो बोगद्यामुळे पाण्याची पातळी कायम खाली राहते, म्हणजे जुन्या खाणींच्या पोकळ्यांत हवा खेळती राहते. खाणी बंद झाल्या, तरी आम्लाचा कारखाना चालूच. वर ज्या ओढ्यांचं पाणी भेगांतून खाली उतरतं ते ओढे कोरडे पडतात, ते वेगळंच.

साधासवाल
मग बोगद्याचं तोंड सिमेंटने बुजवून टाका. एवढी चर्चा कशाला?

भूजलवाला
बुजवलं तर पाणी वर चढणार, आणि कुठून फुटेल ते सांगता येत नाही. वर वस्ती आहे. इंग्लंडमध्ये विगनजवळचा ‘ग्रेट हे सफ’ हा खाणीचं पाणी काढणारा बोगदा बघा. 1653 ते 1670 अशी 17 वर्षं खपून सर रॉजर ब्रॅडशॉ यांनी तो हाताने खणून घेतला. त्याच्याही पिवळ्या पाण्याने तिथला ओढा रंगला. त्यांनी तोंड बुजवलं नाही, पाणी तळ्यांत थांबवून गाळ बसू दिला आणि मग बोरूच्या बनातून सोडलं. जेडोचा लोंढा त्याच्या कितीतरी पट आहे, शिवाय आम्लासाठी चुना लागेल, तोही कायमचा.

साधासवाल
कायमचा खर्च करदात्याने का भरावा? मार्कलच्या वारसांकडून घ्या.

ओढाकाठ
1977 च्या अमेरिकी कायद्याने चालू खाणींच्या कोळशावर दर टनामागे शुल्क बसवलं, ते जुन्या बेवारस खाणींसाठीच. 2021 ला आणखी 11 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मंजूर झाली. पैसा आहे. जेडो मोठा आणि अवघड म्हणून दरवेळी यादीत खाली सरकू नये, एवढंच माझं मागणं.

वर्धाखोरं
हे मात्र पटलं. बोगद्याला मी अजूनही वाईट म्हणणार नाही. पण वडिलांची खाण बंद झाल्यावर पंप उचलून नेले, आणि आता खालच्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असतं. गावात सगळे खूश आहेत. जनावरं तेच पितात. भूजलवाले, पाण्याचा सामू (आम्लपणा, pH) मोजायच्या पट्ट्या कुठे मिळतात?

भूजलवाला
प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात. तुमच्याकडे खडकात चुनखडी असेल तर आम्ल तिथेच मारलं गेलं असेल, आधीच घाबरू नका. नाल्याच्या उगमाशी एकदा आणि गावाजवळ एकदा मोजा, आकडे इथे टाका.