नाईक यशवंत घाडगे : तुमच्या आठवणी, तुमचे अनुभव

१० जुलै १९४४, दुसरं महायुद्ध. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतल्या नाईक (हा फौजेतला हुद्दा) घाडगेंच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून शत्रूची मशीनगन सुरू झाली. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच तिच्यावर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) आणखी एकाला गाठलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. मग लपलेल्या निशाणबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिश फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक.

माझं आजोळ त्यांच्याच माणगाव (रायगड) तालुक्यातलं, म्हणून हे नाव लहानपणापासून कानावर. तुमच्याकडे काय आहे ते लिहा.

*

माणगावात तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे. सातबाऱ्यासाठी चार खेपा घातल्या, चारही वेळा त्याच्याच सावलीत बसलो. चौथ्या खेपेला पाटी वाचली. लाज वाटली, खरं सांगतो.

*

वडील मराठा रेजिमेंटमध्ये हवालदार होते, बेळगावात आमची सहा वर्षं गेली. पोरं रडली की वडील 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, तेमलाई माता की जय' असा पलटणीचा नारा द्यायचे. रडणं थांबायचंच. घाडगे आणि नामदेव जाधव ही दोन नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ. जाधवांनाही १९४५ मध्ये इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण ते परत आले. 'एक आला, एक नाही,' एवढंच वडील म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

*

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. ही फौज इंग्रजांची. १९४२ ला आमचे आजोबा तुरुंगात होते, घरात पलटणीचं कौतुक चालत नसे. तरी वर सुरुवातीला दिलेलं 'मॅगझिन बदलायला सवड नव्हती' हे वाक्य वाचलं, की माझा वाद तिथे थांबतो. त्या क्षणी तो माणूस कोणत्या राजासाठी लढत असेल असं मला वाटत नाही. मागे त्याची माणसं पडली होती.

*

इटलीतल्या कॅसिनो गावी, तिथल्या युद्ध-दफनभूमीत मुद्दाम गेले होते. घाडगेंची कबर नाही, म्हणून तिथल्या स्मारकावर नाव आहे. कबर न सापडलेल्या ४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत तिथे. ऊन रणरणतं. नाव शोधायला बराच वेळ लागला, कारण वाटेत शिंदे, पवार, मोरे दिसले की पाय थांबत होते. यांच्या गावात कुणाला माहीत असेल का? घाडगेंना निदान पुतळा तरी आहे.

*

वरच्या ताईंनी मोन्तोनेलाही जायला हवं होतं! पेरुजाजवळच्या त्या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक झालं. तेही सूर्यघड्याळाच्या रूपात.

*

धागा काढणारी : बघते, कधी जमतं ते. तूर्त १० जुलैला सकाळी माणगावला हार घेऊन जाणार आहे. कुणी येणार असेल तर दहाच्या आत या, नंतर कचेरीत गर्दी होते.