निबंध तपासताना नेमकं काय बघायचं?

सातवीच्या बाई: पावसाळ्यावर निबंध दिला की चाळीस वह्यांत तोच गाईडमधला "बळीराजा सुखावतो", आणि मी ऱ्हस्व-दीर्घ लाल करत बसते, आता चांगलं लिहिणं म्हणजे काय हे पोरांना सांगायचं कसं?

रानजाई: अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या शिक्षकांनी १९८०च्या दशकात चांगल्या लिखाणाची सहा वैशिष्ट्यं काढलीत बघा, कल्पना, मांडणी, लिहिणाऱ्याचा आवाज (म्हणजे त्याची स्वतःची ढब), शब्दनिवड, वाक्यांची लय, शुद्धलेखन. एका वेळी एकच घ्या, बाकीचं तेवढ्यापुरतं सोडा. (शुद्धलेखन शेवटी, प्लीज!)

जुना मास्तर: मी एका पोराला विचारलं, तुझ्या घरात पाऊस कुठून येतो रे? म्हणाला, पत्र्यातून, आई खाली पातेलं ठेवते. म्हटलं हेच लिही की!

सातवीच्या बाई: पातेलं भारीच 😄 पण सर, मार्क कशाचे द्यायचे?

जुना मास्तर: पातेल्याचेच द्या, वेलांट्या दुसऱ्या खर्ड्यात बघू.