मदत हवी आहे: पत्रावळी, द्रोण, कागदी कपांच्या दुकानाची मांडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं पत्रावळी, द्रोण, कप, टिश्यू, फॉइल असल्या मालाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि नवरा बघतो. गाळा १० बाय १४ चा. काउंटरच्या मागे माल छतापर्यंत रचलेला, गिऱ्हाईक मागेल ते आम्ही काढून द्यायचं, अशी आजवरची पद्धत. केटरर, टपरीवाले यांना ती सोयीची आहे, कारण काय हवं ते त्यांना पाठ असतं. पण घरगुती गिऱ्हाईक वाढतंय. त्यांना आत येऊन बघता यावं, हात लावता यावा अशी मांडणी गणपतीच्या आधी करायची आहे.

मुख्य अडचण ही, की घरगुती गिऱ्हाईक वस्तू मागत नाही, प्रसंग सांगतं. "सत्यनारायण आहे, साठेक माणसं येतील, काय काय लागेल?" मग मी प्लेटा एका फळीवरून, द्रोण दुसरीवरून, चमचे तिसरीवरून गोळा करते. तेवढ्यात मागे चार जण उभे राहतात. गणपतीत तर चाकरमानी आले की घराघरात आरती, भजन, प्रसाद, आणि सगळ्यांनाच घाई. माल प्रकारवार लावावा की प्रसंगवार?

दुसरं असं, की उसाच्या चोथ्याची प्लेट आणि साधी कागदी प्लेट पाकिटात सारख्याच पांढऱ्या दिसतात. फरक कळतो तो हातात घेतल्यावर. कडेला धरून मधोमध अंगठा दाबला की कागदी प्लेट लगेच वाकते, चोथ्याची ताठ राहते. तो दाब गिऱ्हाइकाला पाकिटावरून कसा कळणार? आणि किमतीतला फरक मात्र पहिल्या नजरेला दिसतो. नमुने उघडे ठेवले तर धूळ बसते.

तिसरं, आमची हवा. पोफळीच्या विरीची (सुपारीच्या झावळीच्या बुडाच्या रुंद भागाची) ताटं पावसाळ्यात बुरशी धरतात. शिवाय जुलै २०२१ च्या पुरापासून पावसाळ्यात खालची फळी आम्ही रिकामीच ठेवतो. म्हणजे जागा आणखी कमी.

आणि चमचे. प्लास्टिकच्या प्लेटा, कप, चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, आपल्या राज्यात तर २०१८ पासूनच बंदी आली. तरी "ते पांढरे चमचे द्या" म्हणणारे रोज येतात. लाकडी चमचा पुढे केला की नाक मुरडतात. तो नीट दिसेल, घ्यावासा वाटेल असा कुठे आणि कसा ठेवू?

ज्यांनी दुकान लावलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, दोन्ही ठेवा. मोठा रॅक प्रकारवारच हवा, नाहीतर माल संपलेला तुम्हाला कळणार नाही. पण दारातून आत पाऊल टाकताच दिसेल अशी एकच फळी प्रसंगाची करा आणि ती बदलत राहा. आत्ता गणपती: प्रसादाचे लहान द्रोण, चहाचे कप, टिश्यू. जानेवारीत हळदीकुंकू, मे महिन्यात लग्नं, मधल्या काळात बारसं आणि वाढदिवस. फळीला एक पुठ्ठा लावा: "५० माणसांसाठी". त्यावर प्लेटा, द्रोण, चमचे किती ते लिहा. थोड्या जास्तीच्या धरा, आणि पाण्याचे ग्लास माणशी दोन, कारण एकदा खाली ठेवलेला ग्लास कुणी परत उचलत नाही. हे वाचून लोक स्वतःच गोळा करतात, आमच्या दुकानात रोज बघतो.

नमुन्यांसाठी प्लायवूडचा बोर्ड करा. प्रत्येक प्लेट स्क्रूने ठोका, खाली इंच लिहा आणि त्यात काय वाढता येईल तेही लिहा. "आमटीभात चालेल", "फक्त कोरडा खाऊ". चोथ्याची प्लेट का महाग, याचं उत्तर "आमटीभात चालेल" या दोन शब्दांत मिळतं. दाबून बघायला एक-दोन प्लेटा काउंटरवर सुट्या ठेवा आणि रोज टाकून द्या. कपांचंही तसंच: ६५, ११०, २१० एमएल ओळीने लावून खाली "कटिंग", "चहा", "सरबत". एमएलचा अंदाज घरात कुणालाच नसतो.

लाकडी चमचा चमच्यांच्या फळीवर ठेवूच नका. आइसक्रीमच्या कपांशेजारी ठेवा. तिथे तो कुणाला खटकत नाही.

प्रतिसाद

वरच्या सूचना पटल्या. माझी भर ओलीबद्दल. रॅक भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा, बाहेरच्या भिंतीपाशी तर विरीचा माल नकोच. खोक्यावर माल आल्याची तारीख खडूने लिहा, जुना आधी पुढे. आणि पूजेचं सामान विकत असाल तर अगरबत्ती, कापूर, डांबरगोळ्या यांपासून प्लेटा लांब ठेवा. कागद आणि पान दोन्ही वास धरतात, गरम भात वाढला की तो वर येतो.

अजून एक. १०० चं पाकीट फोडून २५ ची पाकिटं आधीच बांधून ठेवणार असाल, तर प्रत्येकावर नग, एमआरपी, महिना-वर्ष, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. वजनमापवाले तपासायला आले की हेच बघतात. गिऱ्हाइकासमोर मोजून सुटं दिलं तर ती भानगड नाही.

धागाकर्ती

खूप आभार! बोर्डाचं काम उद्याच सुताराला सांगते. "आमटीभात चालेल" हे तर मला सुचलंच नसतं. कापूर आमच्याकडे प्लेटांच्या बरोब्बर वर आहे, तो आज हलवला.

आता एकच विचारायचंय. लोखंडी स्लॉटेड अँगलचे रॅक इथल्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात आणि तो गंज पाकिटांना लागतो. पावडर कोटिंगवाले टिकतात का, की सरळ लाकडी फळ्या कराव्यात? कोकणातल्या कुणी वापरले असतील तर सांगा, पैसे द्यायच्या आधी ठरवायचंय.