ट्रान्सप्लांट वॉर्डातल्या स्टाफचीही व्हायरस तपासणी हवी की नको?

गोदाकाठचा
धाकट्या भावाची किडनी बदलून पाच महिने झाले. किडनी आईची. दर महिन्याला त्याचं रक्त सीएमव्ही आणि बीके या दोन व्हायरसच्या पीसीआरला (रक्तात व्हायरस आहे का, ते बघायची टेस्ट) जातं, टॅक्रोची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) लेव्हल वेगळी. बिल आमचंच. परवा इथल्याच एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) सलाईन लावायला आलेल्या सिस्टरचा मास्क हनुवटीवर. बाजूला तोंड करून तळहातात शिंकली, हात अ‍ॅप्रनला पुसला आणि त्याच हाताने भावाची शीर शोधायला लागली. माझं म्हणणं, पेशंटला सुया टोचता तशा स्टाफलाही टोचा. दर महिन्याला, सगळ्या व्हायरससाठी.

बारा तास ड्यूटी
दादा, राग कळतो. मी पण सिस्टरच आहे. पण सीएमव्हीसाठी माझं रक्त काढून काय मिळणार? आपल्याकडे दहातल्या नऊ मोठ्या माणसांना तो कधीतरी होऊन गेलेला असतो आणि अंगात झोपून राहतो. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला तो बहुतेक वेळा मिळालेल्या किडनीतून येतो, नाहीतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे त्याच्याच अंगातला जागा होतो. बीकेचंही जवळपास तेच. म्हणून तपासणी पेशंटची. मला पॉझिटिव्ह म्हणून घरी बसवलंत तर वॉर्डात झाडू मारायला मावशीसुद्धा उरणार नाही.

हात न धुणं मात्र अक्षम्य. त्यावर बोलायला तोंड नाही.

पंचवटीचे काका
स्टाफच्या टेस्टचं बिलही शेवटी पेशंटच्याच माथी येणार, हे लिहून घ्या.

गोदाकाठचा
ताई, सीएमव्हीचं पटलं. पण फ्लू, कोविड? ते तर बाहेरूनच येतात ना? सर्दी असताना ती कामावर आलीच का?

बारा तास ड्यूटी
कंत्राटावर असेल. न आलं की त्या दिवसाचा पगार गेला. आधीच्या नोकरीत मी क्रोसिन घेऊन नाईट केल्या आहेत, खोटं कशाला बोलू. फ्लू-कोविडला महिन्याची टेस्ट कामाची नाही. मंगळवारी निगेटिव्ह, गुरुवारी घसा धरला, मग? पगारी आजारपणाची रजा आणि दरवर्षी फ्लूची लस, हे मागा.

लॅबवाला, सिडको
स्टाफचं रक्त तपासायला हवंच, पण हेपॅटायटीस बी साठी. तिथे धोका स्टाफला जास्त. बाधित पेशंटची सुई लस न घेतलेल्याला लागली तर लागण व्हायची शक्यता 6 ते 30 टक्के. एचआयव्हीची 0.3 टक्के. लोक घाबरतात एचआयव्हीला! हेपॅटायटीस बीच्या लसीचे डोस तीन, 0, 1 आणि 6 महिन्यांना. नंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीजचं प्रमाण) 10 च्या वर आहे का बघायचं. ते बघायलाच कोणी येत नाही.

बारा तास ड्यूटी
माझाच तिसरा डोस राहिला होता. डायलिसिसला बदली झाली तेव्हा कळलं, चार वर्षांनी.

गोदाकाठचा
बरं, दर महिन्याची मागणी मागे घेतो. हात आणि मास्क यावर मात्र अडून आहे, काहीही म्हणा. सोमवारी ओपीडी आहे. फ्लूची लस घेतली का, असं सिस्टरना तोंडावर विचारणार आहे. भाऊ म्हणतो, आधी घरातल्यांनी घेतली का ते सांग. नाही घेतलेली.