आगोट मनाची: आपापले अनुभव लिहा

देवगड, वय ५३ (धागा सुरू करणारी)

मे उजाडला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायच्या साठ्याची, धांदल सुरू होते. लाकडं मांगरात जातात, कुळीथ-उडीद ऊन दाखवून डब्यांत भरायचे, आमसुलं सुकवायची, सुकी सुंगटं बांधून ठेवायची. पुढचे चार महिने घर निभावून जावं म्हणून हा सगळा खटाटोप.

गेल्या वर्षी अशीच खळ्यात आमसुलं उलटीपालटी करत बसले होते, आणि छातीतून कपाळापर्यंत आग उसळली. उन्हाने झालं असेल म्हटलं. पण तेच रात्री दोन वाजता पंख्याखाली झालं. मग रोजच. वर्गात शिकवताना ओळखीचा शब्द आठवेना, घरी लेकावर विनाकारण ओरडायचे, नंतर न्हाणीघरात जाऊन रडायचे. तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी नीट बसवून समजावलं. पाळी जाण्याआधीची काही वर्षं अशी जाऊ शकतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं, आणि त्यानंतर कधीही रक्त दिसलं तर अंगावर न काढता दाखवायचं. हाडं या काळात झपाट्याने विरळ होतात, म्हणून चालणं आणि थोडं वजन उचलणं सोडायचं नाही. औषधंही आहेत, पण ती आपापल्या तब्येतीप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

घरी येऊन आईला विचारलं, तुला काय होत होतं गं? ती म्हणाली, "मी रात्री विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचे. गार लागायचं. सांगणार कोणाला?"

त्या एका वाक्यासाठी हा धागा काढला आहे. घरासाठी आगोट भरायला आपल्याला आईने शिकवलं. स्वतःच्या शरीरा-मनासाठी काय भरून ठेवायचं, हे कोणी सांगितलं नाही. कोणत्या वयात तुमचा तोल गेला, कशाने सावरला, कोणी हात दिला? नाव नको, गाव आणि वय लिहा. उपदेश नको, घडलं ते लिहा.

मिरकरवाडा, रत्नागिरी, वय ४४

मी बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. लोकांना वाटतं, दोन महिने मजा. माझ्यासाठी तेच महिने सर्वांत वाईट होते. दहा महिने रात्री जागायची सवय, आणि अचानक रात्र रिकामी. पैसा येत नाही, बायकोसमोर बसवत नाही. सकाळी जाळी शिवायला बंदरावर जायचं आणि दुपारपासून प्यायची. तीन पावसाळे असे गेले.

चौथ्या वर्षी मुलीने मला पाहून दार लावून घेतलं. रागाने नाही, भीतीने. त्या दिवशी ठरवलं आणि एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, डोळ्यांसमोर नसलेलं दिसायला लागलं. भावाने सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्याने एकटं बसून एकदम सोडू नये, झटके येऊन जिवावर बेतू शकतं, औषधांच्या आधाराने सोडायची. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता बंदीच्या महिन्यांत मी झोपेची वेळ बदलायला दोन आठवडे देतो. संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतो. मला गणित येत नाही, ती मला शिकवते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना आता माझा हात स्थिर असतो.

गुहागर, वय २९

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. शेक, मालीश, अळिवाचे लाडू, कशालाच कमी नव्हती. आणि मला बाळाकडे बघवत नव्हतं. ते रडलं की वाटायचं, कोणीतरी घेऊन जावं त्याला. आई म्हणायची, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या उतरून झाल्या. नवरा पनवेलला कामाला, तो फोनवर बाळाचा चेहरा दाखव म्हणायचा, माझा चेहरा त्याने पाहिलाच नाही.

ओळखलं ते आशाताईने. बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत ती ठरल्या दिवशी घरी येते ना, तर एकदा बाळाचं वजन करून झाल्यावर तिने मला विचारलं, "तुझं काय? झोप लागते?" एवढंच. मी अर्धा तास रडले. तिने सांगितलं, पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप जातं. त्यापुढे टिकलं तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर तिनेच दिला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मी पहाटे साडेतीनला पडवीत बसून फोन केला. पुढे डॉक्टर, गोळ्या, चार-पाच महिने.

आज मुलगा दोन वर्षांचा आहे. त्याच्या पहिल्या महिन्यांची मला फारशी आठवण नाही, याचं दुःख अजून होतं.

देवगड, वय ५३

गुहागरच्या ताई, तुमचं वाचून हातातलं काम राहिलं. दृष्ट काढणाऱ्या आईचाही जीवच तुटत होता, तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. लिहिलंत, फार बरं केलंत.

श्रीवर्धन, वय ६१

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या. आजोबांनी लावलेल्या होत्या. सुपारीचं रोप लावल्यापासून हाती काही यायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा मी छप्पन-सत्तावन्नचा. मनात हिशेबच होईना. नुकसान पैशात मोजता येत होतं, पण सकाळी उठून जायचं कुठे, हे कळत नव्हतं. पन्नास वर्षं पाय आपोआप वाडीत जायचे.

सून म्हणाली, "बाबा, नुसते जाऊन उभे राहा." तसं केलं. पहिले पंधरा दिवस फक्त पाटाचं पाणी इकडून तिकडे वळवायचो, झाडं नसताना. मग मधल्या जागेत केळी घातल्या, जायफळाची राहिलेली झाडं सावलीला झापं बांधून वाचवली, आणि सुपारीची रोपं लावली. नातू मोठा होईल तेव्हा ती भरात येतील. माझ्याकडून एवढंच.

चिपळूण, वय २१

२२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. आम्ही रात्रभर माळ्यावर. अजूनही पत्र्यावर जोराचा पाऊस वाजला की मी उठून उंबऱ्याला हात लावून बघते, ओला आहे का. हॉस्टेलवर तिसऱ्या मजल्यावर राहते, तरी. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं. जरा कमी आहे आता. जास्त लिहवत नाही.

कुडाळ, वय ६८

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, तेव्हा गिरणगावातल्या आमच्या खोलीत पेढे वाटले होते. निवृत्त झालो की गावी जायचं, हे तेव्हाच ठरलं. आलोही. पण नातवंडं सांभाळायला बायको मुंबईला गेली. चाकरमानी म्हणून आयुष्यभर मी एकटा तिथे आणि ती इथे. म्हातारपणी उलटं झालं.

जेवण म्हणजे सकाळची पेज, रात्री तीच. साखर कधी वाढली कळलं नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली तेव्हा आकडा बघून मुलगा घाबरला. गोळी सुरू झाली, जेवल्यावर पाणंदीने चालणं सुरू झालं, पण खरा फरक पडला भजनामुळे. देवळात रोज रात्री मंडळी जमतात. मला सूर नाही, मी टाळ धरतो. एक दिवस गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी तिघे दारात, "काय झाला, बरा नाय?" विचारत. मुंबईत शेजारी भिंतीपलीकडे होते, तरी असं कोणी आलं नव्हतं.

बायकोला मे महिन्यात स्पष्ट सांगितलं, मला तू हवी आहेस. चाळीस वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं. आता ती गणपतीपासून शिमग्यापर्यंत इथे असते.

मालवण, वय ७९ (आजी सांगते, नात लिहिते)

"घो गेलो तेव्हा मी छत्तीस वर्षांची. चार पोरां. पाटी घेवन बाजारात बसूचा, घराक येवन चूल. रडाक येळ नाय गावलो. आता पोरां म्हणतत, आये बस. बसान काय करू? परड्यात जातंय, वालीक पाणी घालतंय. आता येळ आसा. रडाक इला तर रडतंय."

(एवढं बोलून ती वाल सोलायला बसली. पुढचं उद्या लिहून घेते.)