अनुभव सांगा : एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन टीव्ही ट्यूनर कार्डं

दारव्हा, जि. यवतमाळ
आमच्या घरी कॉम्प्युटर हाच टीव्ही. जुन्या डेस्कटॉपमध्ये फ्री डिशसाठी दोन सॅटेलाइट ट्यूनर कार्डं टाकली आहेत. एकावर बाबा सह्याद्री पाहतात, दुसऱ्यावर मी आईची मालिका रेकॉर्डिंगला लावते, कारण त्या वेळी ती चुलीपुढं असते. गच्चीवर डिश एक, खाली येणारी वायर एक, स्प्लिटर लावून ती दोन्ही कार्डांना दिली आहे. रेकॉर्डिंग अर्ध्यातच काळं पडतं. ड्रायव्हर दोनदा टाकला, कार्डांची अदलाबदल केली, तरी तेच. इथं विचारायला जाणतं दुकान नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सविस्तर लिहा, दोन कार्डांच्या इतर कटकटीही सांगा.

वरुड, जि. अमरावती
ताई, एवढं पाहा, पडदा काळा होतो तेव्हा बाबांनी नुकताच टीव्ही बंद केलेला असतो का? एलएनबीला, म्हणजे डिशच्या तोंडाशी असलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज कार्डाकडूनच, त्याच वायरीनं वर जाते. बरेच स्प्लिटर एकाच टोकातून वीज वर सोडतात. त्या टोकाचं कार्ड बंद झालं की एलएनबी बंद, मग दुसऱ्या कार्डाला सिग्नल कुठून मिळणार?
माझा घोळ वेगळा होता. आमची सी-बँडची आठ फुटी जाळीची डिश, आणि स्प्लिटर दोन्ही टोकांतून वीज सोडणारा. उभ्या पोलरायझेशनच्या (लहरींच्या दिशेच्या) चॅनलला कार्ड 13 व्होल्ट पाठवतं, आडव्याला 18. एका कार्डानं 13 आणि दुसऱ्यानं 18 मागितले की वर 18 च पोचायचे, आणि 13 वालं चॅनल गायब. मला वाटलं डिश हलली. संत्रा तोडायची शिडी लावून पंधरा दिवस डिशच फिरवत होतो! शेवटी दोन आउटपुटचं एलएनबी लावलं, दोन वेगळ्या वायरी खाली आणल्या. त्यानंतर तो त्रास झाला नाही.

मूर्तिजापूर, जि. अकोला
मी केबलच्या अॅनालॉग काळातलं सांगतो. बीटी878 चिपची, मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी दोन कार्डं होती. पहिलं चालू असताना दुसरं उघडलं की माउसचा बाणसुद्धा जागचा हलायचा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिलं तर दोन्ही कार्डं आणि साउंड कार्ड, तिन्ही एकाच आयआरक्यूवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच लाइनवर. एक कार्ड दोन स्लॉट खाली सरकवलं, हँग होणं थांबलं.
मग आवाजाचं आलं. त्या कार्डांचा आवाज एका छोट्या वायरीनं साउंड कार्डाच्या लाइन-इनला द्यावा लागे, आणि लाइन-इन एकच. दुसऱ्याची वायर आतल्या चार पिनांच्या ऑक्सला जोडली. मिक्सरमध्ये ऑक्स म्यूट असतो, तो उघडायला विसरू नका.
कच्च्या, म्हणजे न दाबलेल्या चित्राचा हिशेबही करून ठेवा. 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एका कार्डाचे सेकंदाला साधारण 20 एमबी. पीसीआय बसची, म्हणजे त्या स्लॉटांच्या सामाईक वाटेची मर्यादा कागदावर सेकंदाला 133 एमबी, त्यात दोन कार्डं बसतात. पण हार्ड डिस्क जुनी असेल तर दोन्हीचं कच्चं रेकॉर्डिंग एकदम झेपत नाही, फ्रेम गळतात.

हिंगणघाट, जि. वर्धा
माह्या घराजवळ जिनिंग हाय. दिवाळीनंतर कापूस निंगाला का बारीक तुसं घरात येते. दर आठ-पंधरा दिवसानं दुसरं कार्ड दिसेच ना. काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासल्या, स्लॉट ब्रशनं झाडला, दाबून बसवलं, का झालं चालू. मे महिन्यात मंग येगळंच. दोन कार्डं एकमेकाले चिकटून, दुपारी हात लावला तं चटका बसे. मधात एक स्लॉट मोकळा सोडला अन् बाजूनं पंखा लावला, तवा चित्र थांबणं बंद झालं.

आर्वी, जि. वर्धा
लिनक्सवर चालवत असाल तर हेही पाहा. माझं एक कार्ड पीसीआय, दुसरी यूएसबी स्टिक. लाईन जाऊन आली की ज्याचा ड्रायव्हर आधी लोड होईल ते अॅडॅप्टर शून्य, म्हणजे पहिल्या नंबरचं, आणि रेकॉर्डिंग भलत्याच ट्यूनरवर. ड्रायव्हर लोड करणाऱ्या मॉडप्रोबच्या सेटिंगमध्ये दोघांचे नंबर पक्के करून टाकले.

चिमूर, जि. चंद्रपूर
चित्रावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत असतील तर कार्डाला दोष देण्याआधी अर्थिंग पाहा. आमच्या बोर्डात तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. केबलच्या कनेक्टरला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मीठ-कोळसा टाकून खड्ड्याची अर्थिंग करून घेतली, पट्टे गेले. पाण्यापावसाचे दिवस आहेत, झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा.

दारव्हा, जि. यवतमाळ
वरुडचे दादा, तुम्ही विचारलं तेच निघालं. काल बाबांना म्हटलं, आता बंद करा. मी रेकॉर्डिंगच्या खिडकीकडे पाहत बसले. त्यांनी बंद केलं आणि सिग्नलची पट्टी शून्यावर! सध्या बाबांचं पाहून झालं तरी त्यांचं चॅनल आवाज बंद करून चालूच ठेवतो. दोन आउटपुटचं एलएनबी यवतमाळहून सांगितलं आहे, रविवारी येईल. दुसरी वायर मोजायला गच्चीवर गेले तर जुन्या वायरीच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज आणि पाणी. वीतभर कापून नवा कनेक्टर लावला, वरून टेप गुंडाळली.
आईची आजची मालिका पूर्ण आली. ती आत्ता पाहते आहे.